पावणेदोन इंचांची रिंग

[टेबलावर करवत, दोरी ओढणारा हात]

ही होमलाइट एक्सएल-१२, इंजिनवर चालणारी साखळी-करवत. अमेरिकेत १९६३ साली आली. पट्टी आणि साखळी सोडून वजन सुमारे बारा पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो. नावातले बारा ते हेच. मॅग्नेशियमचं ओतीव अंग, आत ५४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. दोरी ओढताना हाताला अडतच नाही काही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय.

[मफलर काढलेला, एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन]

मफलर काढला की पिस्टनची कड दिसते. तिच्या खाचेत रिंग असते: दाब सुटू न देणारी, एका जागी तोंड उघडं असलेली धातूची कडी. ती लाकडी काडीनं दाबून बघायची. आत जाऊन परत उसळली, तर ती जिवंत आहे. ही हलत नाही. पण म्हणून ती झिजलीच आहे असं नाही. कार्बननं खाचेत धरून ठेवली आहे. त्या काळी पेट्रोलच्या सोळा भागांना एक भाग साधं इंजिन ऑइल घालायचे, त्याचा हा साठा. अशा चिकटलेल्या रिंगा नुसत्या भिजवून सुटतात आणि पुन्हा चालतात. या पिस्टनवरची मात्र सोडवताना तुटली.

तुटलेला तुकडा टाकायचा नाही. खाच खरवडायला त्याच्याइतकं नेमकं हत्यार दुसरं नाही. फक्त खाचेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतींवर ओरखडा नको.

[सिलिंडरच्या आत टॉर्च]

सिलिंडरच्या आत क्रोमचा थर आहे. एक्झॉस्टच्या खिडकीभोवती तो उडून खालचं अ‍ॅल्युमिनियम दिसत असेल, तर रिंग शोधण्यात अर्थ नाही. सिलिंडरच शोधायला हवा. इथे थर शाबूत आहे. क्रोमवर साधी बिडाची रिंग चालते. क्रोम चढवलेली रिंग क्रोमवर कधीच घालायची नाही, दोन्ही एकमेकांना खातात.

[मायक्रोमीटर, कागदावर लिहिलेले आकडे]

आता मापं. होमलाइट कंपनी १९९४ मध्ये जॉन डिअरकडे गेली, मग तिथूनही पुढे विकली गेली. जुन्या पार्ट नंबरचा पाठलाग करण्यात महिने जातात. रिंगेला नंबर कळत नाही, मिलिमीटर कळतात. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिमी. रिंग शोधायची ती नव्या करवतींच्या रिंगांत, आणि त्या मेट्रिक. स्टिल एमएस २६० चा बोअर ४४.७, हस्कवर्ना ३४६ एक्सपीच्या ५० सीसी आवृत्तीचा ४४.३. दोन्ही जवळ, पण तंतोतंत एकही नाही.

इथे गणितातला पाय (π, ३.१४) कामाला येतो. व्यासात ०.१ मिमीचा फरक म्हणजे परिघात ०.३१ मिमीचा. ४४.३ ची रिंग या बोअरमध्ये टाकली, तर तोंडाची फट ०.४७ नं वाढते. ४४.७ ची टाकली, तर टोकं कानसून जवळजवळ ०.८ मिमी कमी करावी लागतात. ४५ ची रिंग घ्यायचा मोह होतो. तिथे पावणेदोन मिमी जातं आणि दाबलेली रिंग गोल राहत नाही. याच घराण्यातली सुपर एक्सएल नशीबवान: तिचा बोअर ४६.०४ मिमी, आणि ४६ च्या रिंगा ढिगानं मिळतात.

व्यास जुळला तरी जाडी उरतेच. खाच आणि रिंग यांत ०.०५ ते ०.१० मिमी मोकळीक हवी. रिंग किंचित जाड असेल, तर काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून एकच बाजू घासायची. पातळ असेल तर मात्र घेऊच नका. सैल रिंग खाचेत आपटते आणि खाच रुंद करत जाते. रिंगेची रुंदीही बघायची: आत दाबल्यावर ती पिस्टनच्या कडेच्या खाली गेली पाहिजे.

[भिंगातून खाचेतली पिन]

ही बारीक पिन रिंगेला फिरू देत नाही. फिरली तर टोक खिडकीत अडकतं. पिन खाचेच्या मधोमध आहे की कडेला, हे पाहूनच रिंग मागवा. टोकं पिनला जुळत नसतील, तर बारीक हिऱ्याच्या कानशीनं, बाहेरून आत, एकाच दिशेनं घासायचं. उलट ओढलं की बिडाची कड टवका टाकते. आणि पिन थेट फटीतच उभी असेल, तर फट पिनपेक्षा मोठी हवीच.

[अंधार. बोअरमध्ये रिंग, खालून उजेड]

रिंग पिस्टननं ढकलून बोअरमध्ये सरळ बसवली आहे, खालून टॉर्च. परिघावर उजेडाची चंद्रकोर दिसली, की ती रिंग बाद. ही ४४.७ ची, कानसलेली. तोंडापाशी एक धागा उजेड आहे, बाकी काळोख. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांतली, ०.२५ मिमीची पात जाते, ०.३० ची जात नाही.

[ओंडक्यावर करवत. धूर]

एक सूचना: १९६३ च्या या करवतीला चेन ब्रेक, म्हणजे साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, नाही.

पहिल्या टाकीभर पेट्रोलपर्यंत पूर्ण ताकद लावायची नाही. गरम करायची, थंड होऊ द्यायची, असं तीन-चारदा. मग मफलर पुन्हा उघडून त्याच खिडकीतून बघायचं. रिंगेवर सगळीकडे सारखी राखाडी चमक हवी.

[निवेदन नाही. इंजिनचा आवाज.]