खाऱ्या वाऱ्यातील चूल : किनाऱ्यावरच्या घराचे बाहेरचे स्वयंपाकघर आणि खळे

नमस्कार. दिवेआगर, मुरुड, गुहागर, मालवण या पट्ट्यात घर बांधणारी किंवा जुने घर पुन्हा उभे करणारी मंडळी हल्ली घराइतक्याच आस्थेने एका गोष्टीविषयी विचारतात : बाहेर, झाडांच्या सावलीत, चार माणसे बसतील अशी मोकळी जागा आणि तिथेच रांधण्याची सोय. ही इच्छा मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे बाहेर रांधणे नवीन नाही. अडचण अशी आहे की सोबत आणलेली चित्रे कोरड्या हवेच्या प्रदेशांतली असतात : चकचकीत लोखंडी कपाटे, ओट्यात कायमची बसवलेली शेगडी, वर काचेचे छप्पर. अशी जागा आपल्या किनाऱ्यावर दोन पावसाळेही नीट काढत नाही. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. किनाऱ्यावरचे बाहेरचे स्वयंपाकघर दोन भागांत कल्पावे. दगड, चुना आणि मातीचा भाग वर्षानुवर्षे जागेवर राहावा. आणि धातू, रबर किंवा वीज असलेला भाग मिरगापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, उचलून घरात नेता यावा.

ही कल्पना माझी नाही. पाऊस सरला की कोकणात अंगण उकरून, समपातळीत आणून, चोपण्याने चोपून आणि शेणाने सारवून खळे केले जाते. त्यावर मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवून, झावळ्या पसरून मांडव घातला जातो. त्या मांडवाखाली आठ महिने लग्ने होतात, आंबोशी आणि सोले वाळतात, रात्री माणसे झोपतात. मे महिना संपता संपता मांडव उतरवून मेढी पडवीत रचल्या जातात आणि पडवीच्या मोकळ्या बाजूंना झड अडवणारे, झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जातात. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत, अशा प्रदेशाने काढलेला हा तोडगा आहे. बांधकामाचा विद्यार्थी म्हणून मला तो आजही सर्वांत शहाणा वाटतो.

आता मिठाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि पृष्ठभागांवर बसतात. हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओलावा धरतो. म्हणून किनाऱ्यावरची धातूची वस्तू कोरडी दिसत असली तरी तिच्यावर बहुतेक वेळ खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. पुढची गोष्ट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पावसात उघडे राहणारे पोलाद पावसाने धुऊन निघते. छपराखाली जपून ठेवलेले पोलाद कधीच धुतले जात नाही, त्याच्यावर मीठ साचत जाते आणि तेच आधी डागाळते. छपराच्या आतल्या बाजूचे खिळे, ओट्याखालची बिजागरी आणि शेगडीची पाठ ही गंज धरणारी पहिली ठिकाणे आहेत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी वाडीतल्या एका घरासाठी मी स्टेनलेस स्टीलच्या कप्प्यांचा बाहेरचा ओटा करून घेतला. पुरवठादाराने माल उत्तम असल्याची हमी दिली आणि चुंबक चिकटत नाही हे दाखवले. मीही ते पुरेसे मानले. पहिल्या दिवाळीपर्यंत सांध्यांवर चहासारखे तांबूस ओघळ आले आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर बिजागऱ्या फिरेनाशा झाल्या. चुंबकाची परीक्षा इथे निरुपयोगी आहे, कारण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या 202 प्रतीच्या पोलादालाही चुंबक चिकटत नाही. 304 प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि किनाऱ्यापासून दूर ते उत्तम टिकते. 316 प्रतीत त्याखेरीज 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडने पडणारी बारीक छिद्रे त्यामुळे बरीच रोखली जातात. समुद्राकाठी स्टील घ्यायचेच असेल तर थोडे घ्यावे, पण 316 घ्यावे, गुळगुळीत पृष्ठभागाचे घ्यावे, कारण खरखरीत पृष्ठभाग मीठ धरून ठेवतो. आणि आठवड्यातून एकदा ते गोड्या पाण्याने पुसून काढावे. ही सवय लावून घेता येणार नसेल तर स्टीलच टाळावे. बीडाचा तवा, पितळी बर्नरची सुटी शेगडी, सागवानी पाट आणि वेताच्या टोपल्या यांच्यावर कितीतरी उत्तम स्वयंपाक होतो.

जागा कुठे निवडावी, हा प्रश्न सामानाहून महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दुपारपासून संध्याकाळपर्यंत खारे वारे पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतात, आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. म्हणजे एकाच चुलीचा धूर सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी बरोबर उलट दिशेला जातो. गुहागर किंवा दिवेआगरसारख्या गावांत घराचे तोंड पूर्वेला रस्त्याकडे आणि नारळी-पोफळीची वाडी मागे समुद्राकडे असते. तिथे मागच्या दाराशी चूल घातली तर संध्याकाळचा सगळा धूर माजघरात शिरतो. पुढच्या बाजूला घातली तर सकाळचा शिरतो. पावसाळी झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दक्षिण बाजूही नको. माझ्या अनुभवात घराची उत्तर बाजू सर्वांत योग्य ठरते : घराची भिंतच झड अडवते आणि दोन्ही वेळचे वारे घराला समांतर निघून जातात. चूल भिंतीपासून निदान तीन मीटर दूर असावी. रांधणाऱ्या व्यक्तीचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असावे, म्हणजे धूर तिच्या चेहऱ्यावर न येता आडवा जातो. चुलीच्या पश्चिमेला छातीइतक्या उंचीची एक आडभिंत घातली की ज्योत विझत नाही आणि इंधनही वाचते. उत्तरेला ऊन लागणार नाही असे मात्र गृहीत धरू नये. आपल्या अक्षांशांवर मे महिन्याच्या मध्यापासून जुलै अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात सावली छपरानेच द्यावी लागते.

याच संदर्भात वाडीविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. समुद्र दिसावा म्हणून वाडीची पश्चिमेकडची झाडे तोडणारे मालक मी पाहिले आहेत. दाट वाडी वाऱ्याचा वेग मोडते आणि मिठाचा मोठा वाटा पानांवर झेलते. ती तोडली की घराच्या खिडक्यांच्या गजांपासून फ्रीजच्या पाठीपर्यंत सगळेच लवकर गंजू लागते. उंडी, केवडा, सुरू ही झाडे समुद्राच्या बाजूने वाढू द्यावीत आणि खळे त्यांच्या आडोशाला करावे. फक्त माडाखाली बसण्याची जागा करू नये. सुकलेली झावळीसुद्धा माणसाला जखमी करण्याइतकी जड असते.

छपराचा विचार करताना 3 जून 2020 आठवावा. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या भागांतली पत्र्याची छपरे आणि पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. चारही बाजूंनी उघड्या छपराला वारा खालून उचलतो, म्हणून खांब पायथ्याशी आणि वासे खांबांशी नुसते टेकवून चालत नाही. ते बांधावे लागतात. कायम छप्पर हवे असेल तर ते लहान ठेवावे, फक्त चुलीपुरते. त्यावर मंगलोरी कौले घालावीत, कडेच्या ओळी चुन्यात पक्क्या कराव्यात आणि वासे सागाचे किंवा आईनाचे वापरावेत. बसण्याच्या जागेवर मात्र मांडवच घालावा. वादळाची सूचना आली की दोन माणसे तासाभरात उतरवू शकतील, एवढाच तो असावा. पत्र्याला धरणारे हुक साध्या लोखंडाचे असतील तर पत्रा टिकूनही उपयोग नसतो, कारण आधी हुकच गळून पडतात.

काँक्रीट शक्य तेवढे टाळावे असे माझे मत आहे, पण ते वापरायचे असल्यास नियम पाळून वापरावे. आयएस 456 : 2000 या भारतीय मानकानुसार किनाऱ्यावरच्या हवेत उघडे राहणारे काँक्रीट तीव्र स्थितीत मोडते, त्यासाठी किमान एम 30 प्रत आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण सांगितले आहे. खेडोपाडी ओट्याच्या फरशीत सळई जेमतेम 15 मिलिमीटर आत असते, वाळू खाडीची असते आणि पाणी मचूळ विहिरीचे. अशा ओट्यात मीठ पहिल्या दिवसापासून आतच असते. सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. त्याऐवजी जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन बुटक्या भिंती बांधून त्यांवर ग्रॅनाइटची एक लादी ठेवली तर सळईचा प्रश्नच उरत नाही. जांभा सच्छिद्र असतो आणि ओल शोषतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, लोणा लागतो, म्हणजे मिठाचे पांढरे कण बाहेर येतात, आणि गिलावा फुगून पडतो. चिरा उघडा ठेवावा किंवा चुन्याचा गिलावा करावा, म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो.

लादीच्या निवडीत एक बारकावा आहे. कडप्पा, कोटा आणि शहाबाद हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आंबटाने खराब होतात. ज्या घरात रोज कोकमाचे आगळ, चिंच आणि लिंबू ओट्यावर सांडणार, तिथे वर्षभरात कडप्प्याची झिलई जाऊन पांढुरके डाग पडतात. ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यावा. खालच्या जमिनीसाठी मात्र बिनपॉलिशचा कोटा किंवा घडीव जांभा चांगला, कारण पावसाळ्यात शेवाळ धरले तरी पाय कमी घसरतो. उतार दर मीटरला 10 ते 15 मिलिमीटर द्यावा आणि तो घरापासून दूर जाणारा असावा.

गॅस आणि वीज यांविषयी थोडक्यात सांगतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा खालून बंद असलेल्या कप्प्यात ठेवू नये. कप्प्याला जमिनीलगत मोकळी जाळी हवी. सिलिंडरचे बूड लाकडी पाटावर ठेवावे. बाहेरच्या विजेच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असलाच पाहिजे, आणि पावसाळ्यात ती संपूर्ण शाखा बंद ठेवावी. समुद्राच्या अगदी जवळ जमीन असेल तर भरती-रेषेपासूनचे अंतर आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम पाया खणण्यापूर्वी तपासावेत, नंतर नव्हे.

मासळी साफ करण्याची जागा ओट्यापासून वेगळी असावी, हे घरातल्या स्त्रिया नेहमी सांगतात आणि नकाशा काढणारे नेहमी विसरतात. बसून विळीवर मासे कापता येतील असा कमी उंचीचा कट्टा, शेजारी नळ, आणि सांडपाणी केळीच्या आळ्यात जाईल असा पाट, एवढे पुरे आहे. हे पाणी विहिरीच्या बाजूला कधीही वळवू नये, कारण जांभ्याच्या जमिनीतून ते सहज झिरपते.

शेवटी चुलीविषयी. सगळ्या रचनेत मला ती सर्वांत प्रिय आहे. वारुळाची किंवा शेतातली चिकण माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळून, दोन दिवस मुरवून चूल घालावी. मुख्य तोंडाशेजारी वैल, म्हणजे त्याच आचेवर चालणारे दुसरे लहान तोंड, ठेवावा, म्हणजे एकीकडे भात शिजत असताना दुसरीकडे कढी गरम राहते. सावलीत सावकाश वाळू दिली तर भेगा कमी पडतात. करवंटी लवकर पेटते आणि कडक आच देते, तर नारळाची सोडणे, म्हणजे वरची सालपटे, धुमसत राहतात, म्हणून दोन्ही जवळ असावीत. पावसाळ्यात ही चूल झाप घालून झाकून ठेवावी. तरीही ती थोडी खचते, आणि त्यात काही बिघडत नाही. दिवाळीच्या सुमारास, खळे करण्याच्याच दिवशी, तिला नवा हात द्यावा, शेणाने सारवावी, आणि शेगडी, तवे, पाट व दिव्यांच्या तारा घरातून बाहेर आणाव्यात. त्या दिवशीच्या पहिल्या घावनांना माझ्या घरी शेजारची मुले न बोलावता येतात.