दोन बिंदू आणि नागपूरचं ऊन

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात सकाळी नऊलाच बर्डीवरचा रस्ता तापलेला असतो, दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही, आणि मोबाईल पाहिला तर 45. आता हे 45 सेल्सिअस अमेरिकेतल्या भाच्याला फॅरेनहाइटमध्ये सांगायचं तर? फॉर्म्युला शाळेत पाठ केलेला असतो आणि बहुतेकांचा विसरलेला पण असतो, पण तो पाठ करायची गरजच नाही बाप्पा, आपला आपल्याला काढता येतो.

पाणी गोठतं 0 सेल्सिअसला, म्हणजे 32 फॅरेनहाइट. उकळतं 100 ला, म्हणजे 212. झाले दोन बिंदू! आडव्या अक्षावर सेल्सिअस (हा एक्स), उभ्यावर फॅरेनहाइट (हा वाय), (0, 32) आणि (100, 212) मांडा, पट्टी ठेवा. दोन्हीतून जाणारी सरळ रेषा एकच.

आता चढ, खरा जीव यातच आहे. वाय किती वाढला? 212 वजा 32, म्हणजे 180. एक्स वाढला 100. भागिले, 1.8. म्हणजे सेल्सिअस एक अंश चढलं की फॅरेनहाइट 1.8 चढतं, 5 वरून 6 जा नाहीतर 44 वरून 45, फरक तेवढाच, म्हणून तर रेषा सरळ. फक्त वजाबाकीत जो बिंदू वर आधी घेतला तोच खाली पण आधी घ्या, नाहीतर चिन्ह उलटं येतं. आणि दोन्ही बिंदूंचा एक्स सारखाच असेल तर खाली शून्य येतो, शून्यानं भागता येत नाही म्हणून चढ काढताच येत नाही, ती उभी रेषा.

एक्स 0 असताना वाय 32 आहेच, म्हणून वाय बरोबर 1.8 एक्स अधिक 32. (0, 32) हातात नसता तरी चढ आणि (100, 212) वरून चाललं असतं: वाय वजा 212 बरोबर 1.8 गुणिले कंसात एक्स वजा 100, कंस सोडवा, तेच 32 निघतात.

तपासून घ्या. अंगाचं तापमान 37, उत्तर 98.6, डॉक्टर सांगतात तेच. आपले 45? 113.

एक गंमत सांगतो, सेल्सिअसनं 1742 मध्ये स्केल मांडली ती उलटी होती, उकळतं पाणी 0 आणि बर्फ 100. तशीच राहिली असती तर ऊन वाढलं की आकडा उतरला असता, बिंदू झाले असते (100, 32) आणि (0, 212), चढ उणे 1.8, समीकरण वाय बरोबर 212 वजा 1.8 एक्स. आपल्या 45 चे त्या स्केलवर 55 होतात. टाकून पाहा, 212 वजा 99, परत 113च.