गुस्ताव्हो गुटिएरेझ : आधी माणसे, मग ग्रंथ

श्रोतेहो, नमस्कार.

पेरू देशाच्या राजधानीत, लिमा शहरात, १९२८ साली गुस्ताव्हो गुटिएरेझ यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच हाडांच्या दुखण्याने त्यांना अंथरुणाला खिळवले. डॉक्टर व्हायचे म्हणून त्यांनी वैद्यकीचे शिक्षण सुरू केले, पण ते सोडून कॅथलिक धर्मगुरू होण्याची वाट धरली. युरोपात शिकून परतले आणि पुढे लिमातल्या रिमाक या गरीब वस्तीत राहून सेवा करू लागले.

'मुक्तीचे ईश्वरविज्ञान' हा त्यांचा ग्रंथ १९७१ साली आला. ईश्वरविज्ञान म्हणजे देवाविषयीचे शास्त्र. दारिद्र्य हे नशिबाचे भोग नाहीत, माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेतून ते येते, असे त्यांनी ठामपणे मांडले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. आधी गरिबांच्या सोबतीने जगायचे, प्रार्थना करायची. देवाविषयीचे शास्त्र त्याच्यामागून येते.

याचा कस लागला १९८०च्या दशकात. पेरूतल्याच आयाकुचो या डोंगराळ प्रदेशात एकीकडे 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेचे बंडखोर, दुसरीकडे लष्कर, आणि मधल्या मध्ये मारले जात होते केचुआ बोलणारे शेतकरी. अशा दिवसांत, १९८६ साली, त्यांनी बायबलमधल्या ईयोबावर पुस्तक लिहिले. काहीही दोष नसताना सर्वस्व गमावलेला हा माणूस देवालाच जाब विचारतो. नाझींनी लाखो ज्यूंना जिथे मारले त्या आउश्वित्झच्या छळछावणीनंतर देवाविषयी कसे बोलायचे, असे युरोपातले विचारवंत विचारत होते. गुटिएरेझ म्हणाले, आमच्याकडे आयाकुचो अजून संपलेले नाही. ते चालू असताना कसे बोलायचे, हा आमचा प्रश्न आहे.

मार्क्सवादाची उसनवारी केल्याबद्दल व्हॅटिकनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, १९८४ साली मुक्तीच्या ईश्वरविज्ञानाच्या या विचारधारेला कडक शब्दांत सावध केले. गुटिएरेझ यांच्या लेखनाची कसून छाननी झाली, पण ते दोषी ठरले नाहीत आणि त्यांनी चर्चही सोडले नाही. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांची भेट घेतली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, लिमातच त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात प्रोटेस्टंट विचारवंत अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. लॅटिन अमेरिकेचा हा विचार वर्गापाशी थांबतो, जात त्याला दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आधी सोबतीने जगणे, मग शास्त्र हा गुटिएरेझ यांचाच क्रम इथे लावला, तरी हा आक्षेप रास्त ठरतो. इथल्या वस्तीत राहून विचार करणाऱ्याला सुरुवात जातीपासूनच करावी लागते.