नोकरी गेली, पोटगीचं काय?

चाकण-भोसरीच्या पट्ट्यातली बरीच मंडळी समोर बसली आहेत, म्हणून आडवळण न घेता सांगतो. नोकरी गेली म्हणून मुलाची पोटगी थांबत नाही. कंपनीने तुम्हाला ब्रेक दिला हे कोर्टाला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. हुकूम चालूच राहतो, थकबाकी साचत राहते.

आपले लोक काय करतात, तर गप्प बसतात. 'दुसरीकडे लागलो की देऊ सगळे एकदम.' मग वसुलीचा अर्ज येतो, पाठोपाठ वॉरंट. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली चालायचं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलंय. थकवलेल्या प्रत्येक महिन्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत राहून आलं की पैसे फिटले, असंही समजू नका. कुलदीप कौर खटल्यात 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कैद ही वसुलीसाठी असते, तिने देणं फिटत नाही. भगिनींनो, तुम्हीही ऐका: वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो.

बाप्यांसाठी रस्ता आहे तो कलम 146 चा, म्हणजे जुनं 127. परिस्थिती बदलली, रक्कम कमी करा, असा अर्ज. तो नोकरी गेल्या-गेल्या द्या. अर्जाआधीची थकबाकी सहसा कमी होत नाही.

आता रक्कम कमी होईलच का? हमी नाही. अंजू गर्ग खटल्यात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसलं पाहिजे. तत्त्व मला मान्य आहे. पण प्रेस शॉपमध्ये पाठ मोडून बसलेला पन्नाशीचा माणूस कागदावर धडधाकटच दिसतो, तेव्हा डॉक्टरांचे कागद जोडायला विसरू नका.

बेकारी भत्त्याचं म्हणाल, तर पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापली जात असेल तरच काहीतरी आहे. 2018 पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यातून एकदाच. मुदत वाढवत-वाढवत ती चाललीय, सध्या काय ते ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. रोज 600 पडत असतील तर भत्ता 300, महिन्याला 9,000. पोटगी 5,000 असेल तर उरले 4,000. भाडं कुठून द्यायचं? कारखानाच बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली तर 2005 ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बरी: पहिलं वर्ष निम्मे, दुसरं वर्ष पाव.

इथेच खरा घात होतो. एचआरवाला म्हणतो, 'राजीनामा लिहून द्या, फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) लगेच करतो.' तुम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून सही करता. त्या एका ओळीने भत्त्याचा दावा अडचणीत येतो, कारण आपणहून काम सोडणाऱ्यासाठी ती योजना नाही. आणि पोटगीच्या कोर्टात समोरचे वकील तोच कागद फडकावतात: साहेब, यांनी पोटगी चुकवायला नोकरी सोडली! कमी केल्याचं पत्र मागा. देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल टाका, 'मला उद्यापासून येऊ नका असं सांगितलं आहे', म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

रजनेश विरुद्ध नेहा हा 2020 चा निकाल आल्यापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पीएफ काढलेला, गावाकडची जमीन, रात्रीची रिक्षा, सगळं लिहा. लपवलेलं बँकेच्या उताऱ्यात निघतंच, आणि मग खरी अडचणही कोणी मानत नाही.

अर्ज चालू असताना हजार-दोन हजार जमतील तेवढे देत राहा. तिच्या भावाच्या हातात रोख देऊ नका, कोर्टात ते सिद्ध करताना घाम फुटतो. फोनवरून पाठवा आणि शेऱ्यात 'पोटगी' लिहून महिन्याचं नाव घाला.