फ्रँकलिनच्या वहीतला देव

मंडळी, विषय फ्रँकलिनच्या डीइझमचा आहे, म्हणजे देवानं जग घडवलं पण तो त्यात मधे पडत नाही या मताचा. पण सुरुवात मी त्याच्या वहीपासून करतो, स्वतःला सुधारायला त्यानं ठेवलेल्या. या वहीवर फार अन्याय झालाय. अठराव्या शतकातला अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याचे तेरा सद्गुण तुम्ही कुठे ना कुठे वाचलेले असतात. यशस्वी होण्याचे उपाय म्हणून ते छापतात, आणि छापताना देव तेवढा गाळतात. हे गुण ज्या वहीत होते त्याच वहीत रोमन वक्ता सिसेरो याचं वचन होतं, बायबलमधली नीतिवचनं होती, आणि त्यानं स्वतः रचलेली, रोज म्हणायची प्रार्थना होती. ती काढली की नुसता तक्ता उरतो.

तक्ताही लोक धड समजून घेत नाहीत. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर लाल शाईनं आखलेले सात उभे रकाने, वारांचे. आडव्या तेरा ओळी, गुणांच्या. रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा. पण कडक पहारा एका आठवड्यात एकाच गुणावर. त्याची ओळ कोरी राहिली पाहिजे. बाकीच्या बारांचे ठिपके नोंदायचे, त्यांच्यामागे धावायचं नाही. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार. तेराही गुण एकदम धरायला गेलं की लक्ष एकीकडे असताना दुसरीकडून चूक घडते, हे त्यानं आधी अनुभवलं होतं.

क्रमही विचारपूर्वक लावलेला. मिताहार पहिला, कारण डोकं ताळ्यावर असेल तरच स्वतःवर पाळत ठेवता येते. दुसरं मौन. ज्ञान जिभेपेक्षा कानांनी मिळतं आणि आपल्याला कोट्या करत बडबडायची खोड आहे, हे तो जाणून होता. काटकसर आणि उद्योग हे सचोटी आणि न्याय यांच्या आधी, कारण कर्जातून सुटलेल्या माणसाला खरं वागणं सोपं जातं! नम्रता मुळात यादीत नव्हतीच. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्रानं ‘लोक तुला गर्विष्ठ समजतात’ असं दाखल्यांसकट सांगितल्यावर तेरावा गुण आला.

आता काय बिघडलं ते पाहा. फेरी संपली की जुने ठिपके खरवडून तेच पान पुन्हा वापरायचं, त्यामुळे कागदाला भोकं पडली. मग त्यानं हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. लाल रेघा कायमच्या, ठिपके शिसपेन्सिलीचे, ओल्या स्पंजनं पुसता येणारे.

सगळ्यात जास्त छळलं ते ‘व्यवस्था’ या तिसऱ्या गुणानं. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक कामाला वेळ. छापखान्यातल्या कारागिराला ते जमेल, पण मालकाला गिऱ्हाइकाच्या वेळेनं चालावं लागतं. इथे तो कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो, आणि ती पूर्ण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एकानं शेजारच्या लोहाराकडून कुऱ्हाड घेतली. धार चकचकीत होती, तशीच सबंध कुऱ्हाड हवी म्हणाला. लोहार म्हणाला, करून देतो, तू चाक फिरव. लोहारानं कुऱ्हाडीचं रुंद पातं दगडावर असं दाबून धरलं की चाक फिरवणाऱ्याचा जीव निघायला लागला. तो दर थोड्या वेळानं येऊन बघे, शेवटी म्हणाला, आहे तशी द्या. लोहार म्हणाला, अरे फिरव, होईल चकचकीत, अजून नुसती ठिपक्याठिपक्यांची झालीय. त्यावर हा म्हणतो, हो, पण मला ठिपक्यांचीच जास्त आवडते! हसा मंडळी, हसण्यासारखीच आहे. फ्रँकलिननं ती लिहिली 1784 मध्ये, पॅरिसजवळ पासीला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि व्यवस्थेच्या बाबतीत आपण सुधारलो नाही हे त्याच ठिकाणी कबूल केलं.

जाता जाता एक दुवा सांगतो. इंग्लंडहून अमेरिकेला निघालेल्या टॉमस पेन या लेखकाला 1774 मध्ये ओळखपत्र दिलं ते फ्रँकलिननं. त्याच पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ 1847 मध्ये जोतीराव फुल्यांनी वाचला. फुल्यांचा ‘निर्मीक’, म्हणजे जग घडवणारा देव, आपल्याला परका नाही, तेव्हा डीइझमबद्दल जास्त सांगत बसत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा आता भराभर मांडतो.

वही आली कुठून? पंधराव्या वर्षाच्या सुमारास डीइझमचं खंडन करणारी पुस्तकं वाचून हा पोरगा उलट डीइस्ट झाला. खंडनासाठी उद्धृत केलेली मतंच त्याला खंडनापेक्षा जोरकस वाटली. 1725 मध्ये लंडनला त्यानं पुस्तिका छापली: देव सर्वशक्तिमान आणि चांगला, म्हणून जे घडतं ते योग्यच, मग पाप-पुण्य हा भेदच नाही. शंभर प्रती छापल्या, काही मित्रांना दिल्या, एक ठेवून बाकीच्या जाळल्या. कारण ज्या मित्रांना त्यानं या मतांकडे वळवलं त्यांनीच त्याला बिनदिक्कत फसवलं, आणि त्यानं स्वतः व्हर्नन नावाच्या माणसासाठी वसूल केलेले पैसे मोडले, लग्नाचं वचन दिलेल्या डेबोरा रीडला वाऱ्यावर सोडलं. तेव्हा तो म्हणाला, हा सिद्धान्त खरा असेलही, पण फार उपयोगाचा नाही.

त्यातून जे तत्त्व निघालं ते सगळ्या वहीचा पाया आहे: कृत्य मनाई आहे म्हणून वाईट नसतं, ते माणसाचं नुकसान करतं म्हणून त्याला मनाई असते. असं मानलं की मधे पडणारा, माफी देऊन हिशेब मिटवणारा देव उरत नाही. मग हिशेब रोज आपल्यालाच लिहावा लागतो. डीइस्टाला वही लागते ती यासाठी.

पण ठिपका देणारा डोळा आपलाच असतो, आणि या पद्धतीची खरी उणीव तिथे आहे. आठवा गुण न्याय. तो रोज तपासणाऱ्या फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते, आणि गुलामविक्रीच्या जाहिराती त्याच्या वर्तमानपत्रात छापल्या जात. ती चूक त्याला दिसायला म्हातारपण यावं लागलं. 1787 मध्ये तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि फेब्रुवारी 1790 मध्ये गुलामगिरीविरोधातला त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे गेला. पुढच्याच महिन्यात, 9 मार्चला, त्यानं येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांना आपली श्रद्धा लिहून कळवली: एक देव, त्याची सर्वात आवडती सेवा म्हणजे त्याच्या इतर लेकरांचं भलं करणं, आणि या आयुष्यातल्या वागण्याचा मरणानंतरच्या आयुष्यात न्याय होतो. येशूच्या देवत्वाबद्दल शंका आहे, पण आता त्यात डोकं घालत नाही, लवकरच कमी कष्टात सत्य कळायची संधी आहे, असंही लिहिलं. 17 एप्रिलला तो गेला.