पपनसाचं सरबत आणि बंद फाइली

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी चौकशीचे गोपनीय कागद खुले करावेत की नाही, यावरून अधूनमधून संसदेत रण माजतं. नेताजींच्या फाइली घ्या, बासष्टच्या युद्धाचा अहवाल घ्या. विरोधी बाकांवरचा पक्ष म्हणतो, उघडा. तोच सत्तेवर आला की म्हणतो, राष्ट्रहिताचा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगतो: मुदत ठरवा, आणि मुदत संपली की कागद उघडा. हे मत पक्कं झालं ते आपल्या बडोद्यातल्याच एका चौकशीचे कागद वाचताना.

मल्हाररावांच्या खटल्याची गोष्ट आपल्याकडच्या मराठी घरांतून पुष्कळांनी ऐकलेली असते. पण बहुतेक वेळा ती हिऱ्याच्या भुकटीपाशीच थांबते. आज पुढचीही ऐका.

गादीवर मल्हारराव गायकवाड, आणि कॅम्पात इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर. दोघांचं बिलकूल पटत नव्हतं. याला इथून हलवा, असा खलिता महाराजांनी व्हाइसरॉयकडे धाडला होता. त्यानंतर आठवड्याभरातच, ९ नोव्हेंबर १८७४ ला सकाळी, फेअरसाहेब फिरून आले. रोजच्यासारखं पपनसाच्या रसाचं सरबत काढून ठेवलेलं होतं. दोन-तीन घोट घेतले, आणि थोड्या वेळानं मळमळायला लागलं. पपनसच खराब असेल असं वाटून त्यांनी उरलेलं सरबत खिडकीबाहेर ओतून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तो गाळ डॉक्टरांकडे गेला, तिथून मुंबईच्या रासायनिक तपासनिसाकडे गेला. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, निघाला, आणि चमकणारी बारीक पूडही निघाली. तीच ती हिऱ्याची भुकटी.

फेअर गेले, सर लुई पेली आले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतली आया, हवालदार रावजी, जमादार नरसू यांच्या जबान्या झाल्या. रावजीनं कबुली दिली की विषाची पुडी मी माझ्या पट्ट्यात ठेवत होतो. तो पट्टा तोवर दुसऱ्याच शिपायाच्या कमरेला होता! तो मागवला. पोलीस खात्यातल्या अकबर अलींनी तो बोटांनी चाचपला आणि आतून कागदाची पुडी बाहेर काढली. पुडीत सोमल.

जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत कमिशन बसलं. सहा सभासद. तीन इंग्रज: बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल. तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांतर्फे विलायतेहून नामांकित वकील आले, सार्जंट बॅलंटाइन. त्यांनी नेमका तो पट्टाच धरला. इतके दिवस पुडी पट्ट्यात राहिली आणि नव्यानं पट्टा बांधणाऱ्या शिपायाला ती लागली नाही? पोलिसांचा हात लागल्याबरोबर ती सापडली? साक्षीदार कुणाच्या ताब्यात होते, किती दिवस होते? हे सगळं उघड चौकशीत चाललं होतं, वार्ताहर टिपून घेत होते, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांतून लोक वाचत होते.

निकाल लागला तीन विरुद्ध तीन. इंग्रज सभासद म्हणाले, विषप्रयोगाचा आरोप शाबीत. आपले तिघे म्हणाले, शाबीत नाही. आणि श्रोतेहो, इथे नीट लक्ष द्या. ही मतं दडवली गेली नाहीत. कोण काय म्हणालं ते नावानिशी छापलं गेलं आणि ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेलं. नावानिशी छापलं गेलं, हे पुन्हा सांगतो. एप्रिलमध्ये सरकारनं मल्हाररावांना पदच्युत केलं ते केलंच, पण जाहीरनाम्यात कारण दिलं गैरकारभाराचं. विषप्रयोग शाबीत झाला, असं त्यात लिहिता आलं नाही. तिघांची विरुद्ध मतं जगजाहीर असताना कसं लिहिणार? महाराजांची रवानगी मद्रासला झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात सयाजीराव दत्तक म्हणून गादीवर आले. आज आपण मल्हाररावांची बाजू मांडू शकतो, त्यांच्याविरुद्धही बोलू शकतो, ते या छापील कागदांच्या जोरावर.

एक इथेच बोलून घेतो. आपल्या दफ्तरखान्यातले गायकवाडी कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे हात कमी होत चाललेत. सुट्टीत मुलांना दहा क्लासेसना घालता, त्यात मोडीचाही एक घाला. उघडलेला कागद वाचता आला नाही तर तो बंदच म्हणायचा.

आता आजच्या काळात येऊ. कायदे आपल्याकडे आहेत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, आणि त्याच्या नियमांप्रमाणे साधारण २५ वर्षांनी जुने कागद अभिलेखागाराकडे जायला हवेत. १९५२ चा चौकशी आयोग कायदा आहे. आयोगाचा अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत, काय कारवाई केली त्या टिपणासह, सभागृहापुढे ठेवायचा. सहा महिन्यांत! आपल्याच गुजरातेत २००२ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या नानावटी-मेहता आयोगाचा अंतिम अहवाल सरकारला नोव्हेंबर २०१४ मध्ये मिळाला आणि विधानसभेत आला डिसेंबर २०१९ मध्ये.

नेताजींच्या ६४ फाइली बंगाल सरकारनं सप्टेंबर २०१५ मध्ये खुल्या केल्या, आणि केंद्रानं २३ जानेवारी २०१६ ला १०० फाइली दिल्या. परराष्ट्रसंबंध बिघडतील, असं वर्षानुवर्षं बजावलं जात होतं. काही बिघडलं नाही.

पण हेंडरसन ब्रुक्स अहवाल, १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी, अजून बंद आहे. १९६३ चा कागद. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी म्हणाले, मजकूर फार संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये विरोधी पक्षनेते अरुण जेटली म्हणाले, असे कागद कायम गुप्त ठेवू नयेत. जुलै २०१४ मध्ये तेच जेटली, आता संरक्षणमंत्री, म्हणाले, उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. जेटलींच्या या नकाराआधीच नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्यातला बराचसा भाग इंटरनेटवर टाकून दिला होता. म्हणजे शत्रूला तो वाचायला मिळतो आणि आपल्या अभ्यासकाला अधिकृत प्रत मिळत नाही. याचा मला मनापासून राग येतो. त्या युद्धात मुलगा गमावलेल्या आईबापांना कारण कळायचा हक्क होता, आणि ती पिढी ते न कळताच गेली.

काही नावं झाकावी लागतील, हे मला मान्य आहे. खबऱ्याचा जीव, साक्षीदाराचं घर, हेरखात्याच्या पद्धती, यांवर काळी पट्टी मारा आणि बाकीचं पान द्या. कुठली ओळ झाकली, का झाकली आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्या पानावरच लिहा. हा निर्णय मंत्र्याकडे नको. तो निवृत्त न्यायाधीश आणि अभिलेखतज्ज्ञ यांच्या समितीकडे असावा. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, समितीचा निर्णय त्याला बंधनकारक असावा. असा दुरुस्तीचा मसुदा आणा, एवढं पत्र आपापल्या खासदारांना लिहा. मी माझं पाठवलं आहे.

नमस्कार.