ऑक्टोबरची ताडपत्री ऑगस्टमध्येच संपते

(तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रचालक आणि हार्डवेअर दुकानदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सोयाबीन काढणीला यायला आणि परतीचा पाऊस गाठायला आपल्या मराठवाड्यात एकच मुहूर्त असतो. दुपारी तीनला आभाळ भरतं, चारला दुकानासमोर मोटारसायकली लागतात, सातला ताडपत्री संपलेली असते. दुसऱ्या दिवशी पारावर दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, व्यापाऱ्यानं माल दाबला. दोन, वरूनच माल आला नाही.

माल दाबणारे नसतात असं मी म्हणणार नाही. पण दाबून फायदा व्हायचा तर भाव बरेच दिवस चढा राहावा लागतो. ताडपत्रीचं तसं नाही. तीन-चार दिवसांत ऊन पडलं की गिऱ्हाईक गायब. ज्यानं दाबली त्याच्याच गळ्यात ती पडते. (खताचं गणित निराळं आहे. तिथं आयात आणि सरकारी वाटप मध्ये येतं. ते आज बाजूला ठेवू.) आणि ‘वरूनच आला नाही’ हे खरं असलं, तरी का आला नाही याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्याच गल्ल्यात सापडतं.

आधी दिवसांचा हिशोब करू. ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात माल असेल तर फोन केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेम्पो येतो. त्याच्याकडे नसेल तर ऑर्डर कारखान्याला जाते. हे विणलेलं प्लॅस्टिकचं कापड बनवणारे कितीतरी कारखाने गुजरात, दमण, सिल्व्हासा या पट्ट्यात आहेत. पट्टी विणायची, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करायचं, पन्हे जोडायचे, कडा दुमडून दोरी घालायची, रिंगा ठोकायच्या, गाठी बांधायच्या आणि मग ट्रान्सपोर्टची बिल्टी. एरवी आठ-दहा दिवस धरा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाड्या सणाच्या मालात अडकलेल्या असतात, तेव्हा पंधरा-वीस. मागणी टिकते चार दिवस. म्हणजे ढग बघून कारखान्याला दिलेली ऑर्डर ऊन पडल्यावरच पोचणार.

हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पाच दिवसांचा असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. त्यातून पावसाचा कल कळतो, पण कोणत्या महसूल मंडळात कोसळणार हे कळत नाही. पाच दिवसांच्या अंदाजावर ठोक व्यापाऱ्याकडचा माल उचलता येतो, कारखान्याचा नाही. म्हणून निर्णयाचे दोन टप्पे पडतात. कारखान्यापासून ठोक व्यापाऱ्यापर्यंतचा माल आधीच हललेला असायला हवा. तिथून दुकानापर्यंतचा भाग अंदाज बघून हलवता येतो.

आता ‘आधी’ म्हणजे केव्हा? ते तुमच्या जूनच्या बियाण्याच्या बिलबुकातच लिहिलेलं आहे. बिलावर तारीख आहे, वाण आहे. पेरणी १८ जूनची आणि वाण ९५ दिवसांचं असेल तर काढणी २१ सप्टेंबरच्या आसपास येते. फुले संगमसारखं १०५ दिवसांचं असेल तर १ ऑक्टोबर. पाऊस लांबून पेरणी ५ जुलैला गेली तर ९५ दिवसांचं वाणसुद्धा ८ ऑक्टोबरला येतं. आपल्याकडून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. गावातलं निम्मं सोयाबीन कोणत्या आठवड्यात कापून पडलेलं असेल, हे जुलैच्या मध्यावरच तुम्हाला काढता येतं. त्या आठवड्याच्या आधी पाच-सहा आठवडे मोजा. पक्की ऑर्डर तिथं, म्हणजे बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये पडते.

आणि ऑगस्टमध्येच घोडं अडतं. कारण तेव्हा आपल्याकडे पैसा नसतो.

जूनमध्ये बियाणं आणि खत गेलं, त्यातलं किती रोखीनं आणि किती वहीवर, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुलैमध्ये तणनाशक, ऑगस्टमध्ये फवारणीची औषधं, ती पुन्हा वहीवर. वसुली व्हायची ती सोयाबीन मोंढ्यात गेल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीला. मधल्या काळात पोळा आणि महालक्ष्म्या. दुकानदाराचा सगळा पैसा रानात उभा असतो. कंपन्यांचे आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे थकलेले असते. अशा वेळी चाळीस हजारांची ताडपत्री उचलायची तर ती कुठून? मग ‘बघू, पाऊस लागला तर मागवू’ असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या तुटवड्याचं पहिलं कारण हे आहे. पावसाचा अंदाज चुकणं ही त्यानंतरची गोष्ट.

याचा दुसरा फटका ऐन गर्दीत बसतो. ठोक व्यापाऱ्याकडे दोनशे नग आहेत आणि तालुक्यातून सहाशेची मागणी आली, तर तो काय करणार? ज्याचं खातं साफ आहे त्याला आधी. रोख पाठवणाऱ्याला त्यानंतर. जुनी बाकी असणाऱ्याला ‘गाडी निघालीय, उद्या बघतो.’ यात त्याचा दुष्टपणा काही नाही. म्हणून ऑगस्टमध्ये पूर्ण रक्कम जमत नसेल तर निदान पंचवीस टक्के बयाणा देऊन नग त्याच्याच गोदामात तुमच्या नावे ठेवायला सांगा. साईज, वजन, भाव आणि उचल करण्याची शेवटची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं ऑक्टोबरात कुणाला आठवत नाही.

आणि त्या सहाशेच्या मागणीत खरी मागणी किती असते? कास्तकाराला पहिल्या दुकानात मिळाली नाही की तो दुसऱ्यात विचारतो, मग तिसऱ्यात. गरज एकच ताडपत्रीची, पण चार दुकानदारांच्या डोक्यात ती चार वेळा मोजली जाते. तो प्रत्येक दुकानदार दोन ठोक व्यापाऱ्यांना फोन करतो आणि ‘पन्नास मागितले तर पंचवीस येतील’ म्हणून आकडा फुगवतो. ठोकवाला कारखान्याला तोच फुगलेला आकडा सांगतो. माल वीस दिवसांनी येऊन पडतो, तेव्हा सोयाबीन विकूनही झालेलं असतं. त्या वर्षी हात पोळले की पुढच्या वर्षी सगळे कमी मागवतात, आणि पुन्हा तुटवडा. बाजार एक वर्षाआड रिकामा आणि भरलेला दिसतो तो यामुळे. पाऊस दोन्ही वर्षी सारखाच झालेला असू शकतो.

यावर इलाज वहीचाच आहे. आपल्या वहीत विकलेला माल असतो, न विकलेल्याची नोंद नसते. गेल्या वर्षी साठ विकल्या म्हणून यंदा पासष्ट मागवतो, पण त्या साठ दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच संपल्या होत्या हे कुठं लिहिलेलं नसतं. काउंटरवर एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक परतलेल्या गिऱ्हाइकामागे तारीख, साईज आणि त्याच्या गावाचं नाव. माल संपला ती वेळही लिहा. नंतर आकडा काढताना सगळे धरू नका. एक माणूस चार दुकानं फिरतो हे लक्षात घेऊन चारातला एक धरा. साठ विकल्या आणि ‘नाही’च्या वहीत शंभर नोंदी असतील, तर मागणी एकशे साठ नाही, पंच्याऐंशीच्या आसपास आहे. ढोबळ आहे, पण अंदाजपंचेपेक्षा बरा.

मग पंच्याऐंशी ठेवायच्या का? इथं थोडं गणित लागतं. समजा ताडपत्री हजाराला पडते आणि बाराशेला जाते. विकली तर दोनशे मिळाले. उरली तर पुढच्या जूनपर्यंत आठ महिने हजार रुपये अडकले. दीड टक्का महिन्यानं एकशे वीस, आणि उंदीर-घडीची तूट नगामागे वीस धरा. एकशे चाळीस गेले. आता सुटणारा नफा भागिले नफा-तोट्याची बेरीज करा: दोनशे भागिले तीनशे चाळीस, म्हणजे साधारण ०.५९. याचा अर्थ असा की दहापैकी सहा वर्षं पुरेल इतका साठा ठेवणं परवडतं आणि चार वर्षं माल संपणं हे हिशोबातच बसतं. ज्याच्याकडे कधीच माल संपत नाही, तो दुकानदार व्याज भरत असतो.

हेच कूलरला लावून बघा. सहा हजारांच्या कूलरवर पाचशे सुटत असतील आणि उरलेला कूलर दहा महिने पडून राहिला, तर व्याजच नऊशे होतं. पाचशे भागिले चौदाशे, ०.३६. म्हणून मे महिन्यात नांदेड-परभणीत बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला कूलर मिळत नाहीत. दुकानदार शहाणपणानंच कमी ठेवतो, कारण पहिल्या पावसानं हवा दमट झाली की कूलर गार करत नाही आणि त्या दिवशी विक्री थांबते. पंप आणि गवताची मात्र सबब चालणार नाही. मार्चअखेर पारा चाळिशीला लागला की सगळं गाव माळ्यावरचा जुना कूलर एकदम खाली काढतं. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं पंप जाम झालेला असतो, गवत काळं पडलेलं असतं. पहिल्या आठवड्याची खरी मागणी ही असते. पंप छोट्या खोक्यात मावतो, खराब होत नाही, रक्कम फार अडकवत नाही. पंप संपला तर तो दुकानदाराचा आळस.

पुन्हा ताडपत्रीकडे. पुष्कळदा एकूण माल असतो, हवी ती साईज नसते. १५ बाय १८ आणि १८ बाय २४ फुटी आधी उडतात. एक-दोन एकरवाल्याला गंजी किंवा बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, झाकायला तीच लागते. ३० बाय ४० मोंढ्यातल्या आडत्यासाठी ठीक, ती मागं राहते. यावर रोल चांगला. जाड प्लॅस्टिक कागदाचा रोल ठेवला तर हवं तेवढं कापून देता येतं. दोनशे मायक्रॉनचा घ्या. मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा, पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद गंजीवर टिकत नाही, तो गळ्यात मारू नका. लॅमिनेटेड कापडाचा रोल आणि रिंगा ठोकायचं हातमशीन असेल तर तीन साईजचा साठा एका गाठीत बसतो.

गर्दीत हलका मालही खपवला जातो, म्हणून काटा जवळ ठेवा. १८ बाय २४ फूट म्हणजे सुमारे ४० चौरस मीटर. १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमची) ताडपत्री ४.८ किलो भरली पाहिजे, २०० ची ८ किलो. ‘दोनशेची’ म्हणून आलेली पाच किलो भरली तर गाठ तिथंच परत करा. हलकीवर पाणी साचलं की ती रिंगेपाशी फाटते. देताना एवढं मात्र सांगा की ओली गंजी झाकून ठेवली तर आतून तापते आणि बुरशी धरते. उघडीप मिळाली की काढायची. बियाण्याला ठेवायचं सोयाबीन असेल तर उगवण तिथंच मरते. २०१९ च्या ऑक्टोबरमधल्या पावसात भिजलेलं सोयाबीन आणि २०२० च्या जूनमधल्या न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारी, यांची सांगड अनेकांना आठवत असेल. काढणीच्या पावसानं पुढच्या जूनमध्ये बियाणं कमी पडतं ते असं.

उरलेला माल पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर टाकू नका. फळीवर घडी करून, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे उंदीर दिसतो. आणि आठ महिन्यांचा जो हिशोब मघाशी केला, तो पुन्हा तपासा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा, गहू, ज्वारी काढणीला असते आणि अवकाळी याच दिवसांत येतो. २०१४ ची गारपीट फेब्रुवारी-मार्चचीच. तेव्हा माल विकायची तयारी ठेवली, तर रक्कम आठऐवजी पाच महिने अडकते. व्याज पंच्याहत्तर, तूट वीस, एकूण पंच्याण्णव. दोनशे भागिले दोनशे पंच्याण्णव, ०.६८. सहाऐवजी जवळजवळ सात वर्षं पुरेल एवढा साठा परवडतो. ऑगस्टची ऑर्डर त्या हिशोबानं वाढवा आणि वाढीव नग १८ बाय २४ चे घ्या.